डिले पेडलचे चार नॉब: घरी गोड, लॉन्सवर गोंधळ

प्रश्न: सर, मी पंचवटीत राहतो. कॉलेज रोडच्या एका मुलाकडून सेकंडहँड डिले पेडल घेतलं. त्यावर ई. लेव्हल, एफ. बॅक, डी. टाइम आणि मोड असे चार नॉब आहेत. घरी छोट्या अँपवर एकदम भारी वाटतं. पण ऑर्केस्ट्राबरोबर औरंगाबाद रोडच्या लॉन्सवर संगीताच्या कार्यक्रमात वाजवलं की सगळा खिचडा होतो. आवाज फाटका करणारं डिस्टॉर्शन लावलं तर विचारूच नका. ड्रमर म्हणतो मी लयीत नाही. नॉब नेमके कुठे ठेवायचे? की हे विकून पायाने ठोके देऊन वेळ लावायचं, टॅप टेम्पोवालं घेऊ?

उत्तर:

नॉब कुठे ठेवायचे याचं एकच उत्तर असतं तर कंपनीने नॉब दिलेच नसते. डिले पेडल तू वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवतं, त्या पुन्हा येणाऱ्या आवाजाला रिपीट म्हणतात. डी. टाइम म्हणजे रिपीट किती वेळाने येतो, एफ. बॅक म्हणजे फीडबॅक, तो किती वेळा येत राहतो, आणि ई. लेव्हल म्हणजे तो किती मोठा येतो. टाइम ठरतो गाण्याच्या लयीवरून. फीडबॅक ठरतो तू दोन सुरांमध्ये किती मोकळी जागा सोडतोस त्यावरून. आणि लेव्हल ठरते तू ज्या जागेत वाजवतोयस त्यावरून. घरी यातलं काहीच नसतं. ठेका नाही, कीबोर्ड नाही, समोर शंभर फुटांवर भिंत नाही. त्यामुळे घरी काहीही लावलं तरी गोडच लागतं, आणि तेच सेटिंग उचलून लॉन्सवर नेलं की फसतं. पेडल बिचारं ठीक असणार.

तू सांगितलेली नावं बॉस कंपनीच्या डीडी-३ या डिले पेडलवर असतात. ते १९८६ मध्ये आलं. त्याआधीच्या, १९८३ च्या डीडी-२ वरही हेच चार नॉब होते. दुसऱ्या कंपन्या टाइमला डिले म्हणतात, फीडबॅकला रिपीट्स किंवा रीजन म्हणतात, लेव्हलला मिक्स किंवा ब्लेंड. काम तेच. मंडळाच्या कराओके मशीनवर इको, डिले, रिपीट असे तीन नॉब पाहिले असशील, ते याचेच भाऊबंद. फरक एवढाच की गणपतीत ते तिन्ही फुल ठेवायची पद्धत आहे.

आधी मोड समजून घे, कारण तो कळला नाही तर टाइमचा नॉब फिरवण्याला अर्थ नाही. डीडी-३ मध्ये मोड म्हणजे टाइमच्या नॉबची हद्द. ५० वर ठेवलास तर टाइमचा नॉब १२.५ ते ५० मिलिसेकंद एवढ्यातच फिरतो. २०० वर ठेवलास तर ५० ते २००. ८०० वर ठेवलास तर २०० ते ८००. म्हणजे टाइमचा नॉब तसाच ठेवून नुसता मोड बदलला तरी आवाज पार वेगळा होतो. बरेच जण इथेच गोंधळतात, काल बरोबर होतं आणि आज काय झालं म्हणतात. बॅगेत मोडचा नॉब एक घर सरकलेला असतो. चौथं घर होल्डचं. त्यात पेडल दाबून धरलं की तेवढा तुकडा गोल गोल फिरत राहतो. मजा आहे, पण तुझ्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, तूर्तास विसर.

आता टाइम. यावर जरा थांबू, कारण ड्रमरची तक्रार इथलीच आहे.

गाण्याचा वेग बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती ठोके पडतात त्यात काढ. मोबाइलवर ठोके वाजवणारं मेट्रोनोमचं ॲप असेलच, नाहीतर पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजून चारने गुण. मग ६०,००० ला त्या आकड्याने भाग. आलेलं उत्तर म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद. १०० बीपीएमचं गाणं असेल तर एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, अर्धा ३०० चा. १२० असेल तर ५०० आणि २५०. ७५ असेल तर बरोबर ८००, म्हणजे तुझ्या पेडलची कमाल मर्यादा. त्याहून संथ गाण्याला पूर्ण ठोक्याचा डिले या पेडलवर मिळणारच नाही, अर्धा धरायचा.

पण पेडलवर आकड्यांचा डिस्प्ले नाही, मग ४५० मिलिसेकंद कुठे ते कसं कळणार? कानाने. त्याची एक रीत आहे, ती मी शिकवणीत सगळ्यांना आधी करायला लावतो. फीडबॅक पूर्ण डावीकडे ने, म्हणजे एकच रिपीट येईल. लेव्हल पूर्ण उजवीकडे ने, म्हणजे तो रिपीट साधारण मूळ सुराइतकाच मोठा ऐकू येईल. मोड ८०० वर. डाव्या हाताने सगळ्या तारा दाबून धर आणि मेट्रोनोमच्या ठोक्यावर नुसता ‘चक’ वाजव. सूर नको, कारण सूर लांबतो आणि त्याची सुरुवात कुठे झाली ते कानाला नीट सापडत नाही. ‘चक’ काट्यासारखा टोकदार असतो. एकदा ‘चक’ मार, थांब, आणि त्याचा रिपीट पुढच्या ठोक्याच्या आधी येतो की नंतर ते ऐक. आधी आला तर टाइम थोडा उजवीकडे, नंतर आला तर डावीकडे. शेवटी रिपीट आणि मेट्रोनोमचा ठोका एकमेकांवर बसतात आणि वेगळा रिपीट ऐकू येईनासा होतो. तो पूर्ण ठोका. पेडलच्या अंगावर मास्किंग टेपचा बारीक तुकडा चिकटवून तिथे पेन्सिलीने खूण कर. अशा दोन-तीन खुणा केल्या की कार्यक्रमात शोधाशोध होत नाही. एक मात्र पाळ, टाइमचा नॉब गाणं सुरू होण्याआधी फिरव. रिपीट चालू असताना फिरवलास तर बहुतेक पेडलवर सूर वर-खाली घसरतो. मुद्दाम करायचा असेल तर तो इफेक्ट छानच आहे, पण वरमाला चालू असताना नको.

पूर्ण ठोक्याचा आणि अर्ध्या ठोक्याचा डिले कळला की डॉटेड एट्थ कळायला वेळ लागत नाही. यू-टू या बँडचा गिटारवादक दि एज याने ऐंशीच्या दशकात तो इतका वापरला की आज गिटारवाल्यांना डिले म्हटलं की आधी तोच आठवतो. एका ठोक्याची चार समान घरं कर. रिपीट तीन घरांनंतर यायला हवा, म्हणजे ठोक्याच्या पाऊण पट. १०० बीपीएमला ४५०, १२० ला ३७५. आता तू पहिल्या आणि तिसऱ्या घरावर वाजव, म्हणजे साधे आठांशाचे सूर. पहिल्या घरावरच्या सुराचा रिपीट पडेल चौथ्या घरावर. तिसऱ्या घरावरच्या सुराचा रिपीट पडेल पुढच्या ठोक्याच्या दुसऱ्या घरावर. तू दोनच घरं वाजवतोयस आणि चारही भरलेली ऐकू येतायत. गंमत अशी की दुसरा रिपीट सहा घरांनंतर येतो, म्हणजे तुझ्याच पुढच्या सुरावर बसतो, त्यामुळे गर्दी वाटत नाही. केरव्याच्या, म्हणजे आठ मात्रांच्या तालाच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यांत हे सुरेख बसतं.

दादऱ्यात बसत नाही. हे मी जोर देऊन सांगतोय, कारण आपल्याकडच्या कार्यक्रमांत दादऱ्याच्या चालीची गाणी भरपूर असतात आणि मुलं आधीच्या गाण्याचं डॉटेड एट्थ तसंच चालू ठेवतात. दादऱ्यात ठोक्याची तीन घरं असतात, चार नाहीत. तिथे पाऊण ठोक्याचा रिपीट कुठल्याच घरावर पडत नाही, दोन घरांच्या मधल्या फटीत पडतो आणि तबलेवाला मान वळवून तुझ्याकडे बघतो. दादऱ्यासाठी ठोक्याचा एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश धर. ठोका मिनिटाला ६० असेल तर ३३३ किंवा ६६७ मिलिसेकंद. दोन्ही तुझ्या पेडलच्या आवाक्यात आहेत.

आता ड्रमर म्हणतो ते. समजा तू १०० ला बरोबर ६०० मिलिसेकंद लावलेस. नाचायला लोक उठले, ड्रमर रंगात आला आणि बँड १०४ वर गेला. हे प्रत्येक कार्यक्रमात होतं, त्यात त्याचा दोष नाही. १०४ ला ठोका ५७७ मिलिसेकंदांचा झाला. तुझा पहिला रिपीट २३ मिलिसेकंद उशिरा पडला. एवढं कानाला चालून जातं. दुसरा रिपीट ४६ उशिरा. तिसरा ६९, आणि तो आता सरळ सरळ बेताल ऐकू येतो. तू स्वतः लयीत वाजवतोयस, पण लोकांना ऐकू येणाऱ्या गिटारचा अर्धा भाग पेडल वाजवतंय, आणि पेडल ड्रमरचं ऐकत नाही. म्हणून क्लिकशिवाय, म्हणजे कानात मेट्रोनोम न लावता वाजणाऱ्या बँडमध्ये लांब डिले लावायचा असेल तर एक, फार तर दोन रिपीट. तिसरा ऐकू येता कामा नये.

किंवा लयीचा प्रश्नच येणार नाही असा डिले लाव. तो म्हणजे स्लॅपबॅक. मोड २०० वर, टाइम साधारण मध्यावर म्हणजे शंभर-सव्वाशे मिलिसेकंदांच्या आसपास, फीडबॅक पूर्ण डावीकडे, लेव्हल घड्याळात अकरा-बारा वाजता काटा असतो तिथे. पन्नासच्या दशकात मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्सने टेप मशिनवर जो आवाज काढला तो याच घराण्यातला. रिपीट मूळ सुराच्या इतका मागोमाग येतो की कान त्याला वेगळा ठोका मानत नाही, सूर जाड आणि जिवंत वाटतो एवढंच. बँड ९० वरून ९६ वर गेला तरी काही बिघडत नाही. लॉन्सवरच्या कार्यक्रमात माझं निम्म्याहून जास्त काम यावरच भागतं. लांब डिले ठरावीक गाण्यांच्या ठरावीक जागांसाठी ठेवतो, आलापासारखी गिटारची सुरुवात, किंवा अंतऱ्याआधीचा मोकळा भाग.

मोड ५० वर ठेवून आवाज दुहेरी करता येतो, पण तो एकाच स्पीकरमधून ऐकला तर बऱ्याचदा पोकळ लागतो, आणि फीडबॅक वाढवला तर पत्र्याच्या पिंपात वाजवल्यासारखा होतो. लॉन्सवर उपयोग कमी.

फीडबॅककडे वळू. हा नॉब रिपीटची संख्या ठरवतो असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. प्रत्यक्षात तो ठरवतो की आलेल्या रिपीटमधला किती हिस्सा पुन्हा आत पाठवायचा. अर्धा पाठवला तर रिपीट निम्मा, पाव, अष्टमांश असा झपाट्याने विरतो. तीन-चार फेऱ्यांत दहाव्या हिश्शावर येतो. पण नव्वद टक्के पाठवला तर दहाव्या हिश्शावर यायला बावीस फेऱ्या लागतात. म्हणजे नॉबच्या पहिल्या अर्ध्या भागात फारसं काही घडत नाही आणि शेवटच्या थोड्या भागात एकदम धुमाकूळ. घरी तू नॉब कुठे ठेवला होतास ते लिहिलं नाहीस, पण अंदाज आहे, दोन-तीन वाजता असणार. एकट्याने संथ वाजवताना तिथेच मोह होतो.

आणि याच जागी टाइम आणि फीडबॅक एकमेकांत गुंततात. त्या बावीस फेऱ्या १२० मिलिसेकंदांच्या डिलेवर अडीच-पावणेतीन सेकंदांत संपतात. ६०० मिलिसेकंदांवर त्यांना तेरा सेकंद लागतात. तेरा सेकंदांत गाण्याचे दोन-तीन कॉर्ड बदलून जातात, आणि तुझा जुना कॉर्ड मागे घुटमळत राहतो. जी मेजर गेला, ए मायनर आला, तरी हवेत जी आहेच. कीबोर्डवाला म्हणणार गिटार बेसूर आहे. म्हणून टाइम वाढवलास की फीडबॅक लगेच कमी कर, दोन्ही नॉब दोन हातांनी एकत्र फिरवायची सवय लावलीस तरी चालेल. किती ठेवायचा याची माझी कसोटी अशी: तुझ्या ओळीतली सगळ्यात मोठी मोकळी जागा बघ. शेवटचा ऐकू येणारा रिपीट त्या जागेत संपला पाहिजे, पुढची ओळ सुरू व्हायच्या आत. ओळीत मोकळी जागाच नसेल, तू सलग सोळांश, म्हणजे ठोक्याला चार सूर वाजवत असशील, तर फीडबॅक कमी करूनही काही होणार नाही. तिथे डिले बंदच ठेव.

फीडबॅक अगदी टोकाला नेला तर काही पेडलमध्ये परत जाणारा आवाज मूळ आवाजाइतकाच किंवा जास्त होतो आणि रिपीट विरण्याऐवजी वाढत जातो, शेवटी पेडल आपलं आपण ओरडायला लागतं. त्याचेही शौकीन आहेत. पण पीएवर, म्हणजे कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरांवर, मोठ्या आवाजात हे झालं तर स्पीकर आणि कान दोन्हीला धोका. कार्यक्रमाआधी नॉब टोकाला नाही ना, हे एकदा बघून घे.

लेव्हल. नॉब एकच, पण पेडलनुसार त्याचा स्वभाव दोन प्रकारचा. तुझ्या पेडलवर मूळ आवाज आहे तसा राहतो आणि लेव्हल फक्त रिपीट मिसळते. मिक्स लिहिलेल्या काही पेडलवर नॉब पुढे नेला की मूळ आवाज कमी होत जातो आणि शेवटी फक्त रिपीटच उरतो. मित्राचं पेडल लावून त्याच जागी नॉब ठेवलास तर वेगळं ऐकू येईल, घाबरू नकोस.

लॉन्स ही डिलेसाठी विचित्र जागा आहे. वरून उघडी, त्यामुळे लोकांना वाटतं घुमणार नाही. पण आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्टेजसमोरची कंपाउंडची भिंत किंवा हॉलची बाजू पन्नास मीटरवर असेल तर पीएचा आवाज जाऊन परत यायला जवळपास ३०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे त्या जागेने स्वतःचा एक डिले आधीच लावून ठेवला आहे, आणि त्याचा टाइम तुझ्या हातात नाही. साउंड चेकला डिले बंद ठेवून एक ‘चक’ जोरात वाजव आणि काय परत येतं ते ऐक. स्पष्ट परत येत असेल तर तुझा लांब डिले त्याच्याशी भांडणार. तिथे स्लॅपबॅकवर ये, नाहीतर लेव्हल घरच्यापेक्षा निम्मी कर. कालिदास कलामंदिरासारख्या बंद नाट्यगृहात तो त्रास वेगळा असतो. तिथे सगळं जवळून आणि दाट घुमतं, रिपीट त्यात विरघळतात, लेव्हल थोडी जास्त चालते पण फीडबॅक कमीच हवा.

दुसरी गोष्ट, साउंडवाला. गायकाच्या माइकवर त्याने इको लावलेला असतोच. त्याच्या मिक्सरवर तुझ्या गिटारच्या चॅनललाही इफेक्टचा एक नॉब असतो, आणि तो मागच्या कार्यक्रमातला तसाच वर राहिलेला असतो. मग तुझ्या रिपीटचेही रिपीट निघतात. तू पेडलवर कितीही कमी कर, काही फरक पडत नाही. तेव्हा साउंड चेकला जाऊन नम्रपणे विचार, “दादा, गिटारच्या चॅनलचा इफेक्ट झिरो आहे ना?” या एका प्रश्नाने निम्मा खिचडा निवळतो. मग कुणाला तरी गिटार वाजवायला देऊन स्टेजवरून खाली उतर आणि मागच्या खुर्च्यांपर्यंत चालत जा. स्टेजवर अँपसमोर उभं राहून जी लेव्हल योग्य वाटते ती खाली क्वचितच योग्य असते. माझा ढोबळ नियम असा की डिले चालू आहे हे मला वाजवताना जेमतेम कळावं, पण बंद केला तर काहीतरी गेल्यासारखं वाटावं. सोलोला मात्र याहून थोडा वर.

डिस्टॉर्शनचं ‘विचारूच नका’ का होतं, तेही सांगतो. बहुतेक तू डिले आधी आणि डिस्टॉर्शन नंतर लावतोयस, किंवा अँपच्याच डिस्टॉर्शन चॅनलमध्ये समोरून पेडल जोडतोयस. डिस्टॉर्शन मोठा आणि लहान आवाज एका पातळीवर आणतं. त्यामुळे निम्म्या आवाजात आलेला रिपीटही त्यातून बाहेर पडताना मूळ सुराइतकाच मोठा होऊन येतो. लेव्हल आणि फीडबॅक तू बारकाईने लावलेत, आणि पुढच्या डब्याने ते पुसून टाकले. शिवाय जुना रिपीट आणि नवा सूर एकत्र डिस्टॉर्शनमध्ये शिरले की त्या दोघांत नसलेले भलतेच सूर तयार होतात. उपाय सोपा: गिटारमधून आधी डिस्टॉर्शन, मग डिले, मग अँप किंवा मिक्सर. अँपचंच डिस्टॉर्शन आवडत असेल तर अँपच्या मागे सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं आहेत का बघ. सेंडमधून डिलेच्या इनपुटला, डिलेच्या आउटपुटमधून रिटर्नला. ती नसतील तर डिस्टॉर्शन चॅनलवर डिले नको.

तुझं पेडल डिजिटल आहे, म्हणून रिपीट जवळपास मूळ सुरासारखाच स्वच्छ येतो. ॲनालॉग पेडलमध्ये तसं होत नाही. फिलिप्स या डच कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६९ मध्ये शोधलेल्या एका चिपवर ती चालतात. विहिरीपासून ओळीने उभी माणसं हातोहात बादल्या पुढे सरकवतात तसा त्यात आवाजाचा तुकडा हजारो कपॅसिटरमधून पुढे सरकतो. जास्त डिले हवा तर सरकवण्याचा वेग कमी करावा लागतो, आणि वेग कमी झाला की वरचे, चमकदार सूर छाटावे लागतात. त्यामुळे ॲनालॉगमध्ये टाइम वाढवत गेलं की रिपीट काळसर होत जातो आणि आपोआप मूळ सुराच्या मागे बसतो. १९८१ चं बॉस डीएम-२ असंच, ३०० मिलिसेकंदांपर्यंतचं. तुझ्या पेडलला टोनचा नॉब नाही, तेव्हा रिपीट मागे ढकलायचा तर लेव्हल कमी कर, गिटारवरचा टोनचा नॉब थोडा उतरव आणि पिक हलक्या हाताने मार. ॲनालॉग म्हणजे चांगलं आणि डिजिटल म्हणजे वाईट, हे मात्र डोक्यातून काढ. डॉटेड एट्थसाठी मला डिजिटलच लागतो, तिथे रिपीटला धार हवी.

जोडणीच्या दोन गोष्टी उरकतो. पेडलला डायरेक्ट आउट नावाचं दुसरं भोक आहे. त्यात चुकून पिन गेली तर मुख्य आउटपुटमधून फक्त रिपीट येतात, मूळ आवाज गायब होतो. एका अँपवर वाजवत असशील तर ते रिकामं ठेव. आणि अॅडॉप्टर ९ व्होल्टचा, आतली पिन ऋण असलेलाच लागतो. घरातल्या राउटरचा अॅडॉप्टर बसतो म्हणून लावू नकोस. त्यात बहुतेक वेळा आतली पिन धन असते, आणि बरेचसे १२ व्होल्टचे असतात. सेकंडहँड पेडल असंच जळतं. जनरेटरवरच्या कार्यक्रमात डिस्टॉर्शनबरोबर गुणगुण येत असेल तर दोन्ही पेडलना एकाच डेझी चेनने, म्हणजे एकाच अॅडॉप्टरच्या फाटे फुटलेल्या वायरने वीज देण्याऐवजी वेगवेगळे आउटपुट असलेला पॉवर सप्लाय घे. तो खर्च नव्या डिलेपेक्षा आधी कर.

राहिला टॅप टेम्पो. आत्ता हे पेडल विकू नकोस. टॅप टेम्पो म्हणजे पायाने ठोके दिले की टाइम तेवढा होतो. वर सांगितलेलं भागाकाराचं आणि ‘चक’चं काम तो वाचवतो. पण बँडचा वेग बदलला तर तो आपणहून त्याच्या मागोमाग बदलत नाही, तुला पुन्हा ठोके द्यावेच लागतात, आणि सोलो वाजवता वाजवता पायाने अचूक ठोके देणं ही वेगळी तालीम आहे. ज्याला टाइम, फीडबॅक आणि जागा यांचा हिशोब कळत नाही त्याचा टॅप टेम्पोवर जास्त गोंधळ होतो, कारण चुकीचा टॅप बसला तर नॉबवर बघून काही कळत नाही. वरची रीत अंगवळणी पडली आणि तरीही एका कार्यक्रमात दहा वेगवेगळ्या लयींची गाणी लांब डिलेवर वाजवायची असतील, तर मग जरूर घे. तुला याच पेडलची सवय असेल तर २०१९ मध्ये आलेल्या डीडी-३टीवर नॉबची तीच मांडणी आहे आणि टॅपसाठी बाहेरचा फुटस्विच जोडायला भोक दिलं आहे. फुटस्विच मात्र मोमेंटरी प्रकारचा लागतो, दाबला की जोडतो आणि पाय उचलला की सोडतो तो. बॉसचाच घेशील तर एफएस-५यू. त्याच्याच शेजारी दिसायला जवळपास तसाच एफएस-५एल ठेवलेला असतो. तो लॅचिंग आहे, म्हणजे एकदा दाबला की पुन्हा दाबेपर्यंत तसाच राहतो, त्यावर टॅप नीट लागत नाही. पैसे देण्याआधी खोक्यावरचं शेवटचं अक्षर वाच.